आमिषाच्या खोलीतली टंकलेखिका

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव नाही आणि तिखटमीठ लावलेली तर मुळीच नाही. जिच्याबाबतीत ती घडली, ती बाई आजही रोज सकाळी दहाला कामावर जाते. घटनेची मिनिटामिनिटाची नोंद तिच्या कार्यालयातल्या कपाटात आहे. त्या नोंदीत एकच ओळ खोटी आहे. ती कोणती, ते पुढे येईलच.

अशा गोष्टी रात्री घडतात असं आपण धरून चालतो. ही घडली मंगळवारी, भर दुपारी. ऊन टेबलापर्यंत आलं होतं. खाली रस्त्यावर वाहनांचा गोंगाट चालू होता. कक्षात अकरा माणसं होती.

दोन वाजून चाळीस मिनिटं.

ही वेळ लक्षात ठेवा.

तो सायबर गुन्ह्यांचा कक्ष होता. दुसरा मजला, लांबट दालन, दोन्ही बाजूंना टेबलं. ती तिथली विश्लेषक. गुन्हा झाल्यावर मागे जो कचरा उरतो, तो उपसून त्यातून कामाचं तेवढं बाजूला काढायचं, हे तिचं काम. नऊ वर्षांत तिच्या अहवालातली एकही ओळ न्यायालयात खोटी पडली नव्हती. प्रत्येक वाक्यापुढे ते कुठून आलं याची नोंद. नोंद नसेल तर वाक्य नाही. सहकारी तिला ‘गाळणी’ म्हणत. तोंडावरच म्हणत. तिलाही ते आवडायचं.

दालनाच्या टोकाला काचेचं दार असलेली एक छोटी खोली होती. आमिषाची खोली.

फळीवर सहा संगणक, कार्यालयाच्या जाळ्यापासून तोडलेले. एकालाही कीबोर्ड नाही, माउस नाही. प्रत्येक संगणक एका अशा माणसाचा, जो या जगात नाहीच. एक दुकानदाराचा, एक विद्यार्थ्याचा, एक निवृत्त टंकलेखिकेचा. गुन्हेगार हजारो लोकांना खोट्या दुव्यांचे संदेश पाठवतात. आमिष तो दुवा मुद्दाम उघडतं. गुन्हेगार आत शिरतो. त्याला वाटतं सावज मिळालं, आणि तो आत असेपर्यंत कक्षातली माणसं त्याच्या पावलांवरून उलटी चालत जातात.

पण रिकामं घर चोरालाही कळतं. म्हणून आमिषात संसार मांडावा लागतो. अर्धवट राहिलेली पत्रं, हललेले फोटो, तीनदा चुकलेला पासवर्ड. हे काम गाळणीचं. कक्षात जोडण्या बघणारा एक पन्नाशीचा माणूस होता, सगळे त्याला तारवाला म्हणत. तो तिला चिडवायचा, “ताई, लोक संसार मोडतात, तुम्ही रोज एक नवा मांडता.”

त्या वर्षी एका टोळीने उच्छाद मांडला होता. म्हाताऱ्या, एकट्या माणसांना गाठायचं. आम्ही तपास अधिकारी आहोत, तुमच्या नावावर गुन्हा आहे, असं सांगून कॅमेऱ्यासमोर बसवायचं. खोलीबाहेर जायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. तासन्‌तास. दरवाजाला कुलूप नसताना माणूस आपल्याच घरात कोंडला जायचा. काहीजण पार खचून गेले. दोघांचा त्या खुर्चीतच जीव गेला.

ही टोळी आमिषात यायची, पण चार मिनिटांत निघून जायची. माग काढायला कमीत कमी पंधरा मिनिटं लागत, कारण टोळीची लाइन कुठून कुठून फिरून यायची आणि एकेक दार उघडत मागे जावं लागायचं.

साहेब वैतागले होते. “चार मिनिटांत चहासुद्धा उकळत नाही,” ते म्हणाले. “त्यांना कळतं कसं?”

गाळणीला उत्तर माहीत होतं. टायपिंगमुळे. आमिषाचा प्रोग्रॅम रोज अकरा आणि चार वाजता थोडंसं काहीतरी टाइप करायचा, घरात माणूस आहे असं वाटावं म्हणून. पण दोन अक्षरांमधलं अंतर सारखंच. माणूस असा टाइप करत नाही. माणूस अडखळतो, थबकतो, विचार करतो.

तिच्याकडे एका खऱ्या माणसाचं अडखळणं होतं.

तिच्या मावशीचं.

मावशीने तिला लहानाचं मोठं केलं होतं. चाळीस वर्षं कचेरीत टंकलेखिका. निवृत्तीनंतरही शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज टाइप करून द्यायची. दाणे निवडावेत तसं टाइप करायची. डावी करंगळी एकदा कपाटाच्या दारात चेमटली होती, म्हणून त्या बोटाची अक्षरं किंचित उशिरा उमटत. आणि प्रत्येक पूर्णविरामानंतर ती हात उचलायची, मनगटाने चष्मा वर सारायची आणि लिहिलेलं वाक्य एकदा वाचायची. अडीच सेकंद. कमी नाही, जास्त नाही.

टायपिंगच्या लयीवरून माणूस ओळखता येतो का, याचा अभ्यास गाळणीने तीन वर्षांपूर्वी केला होता. माणूस सही बदलेल, आवाज बदलेल, बोटांची लय बदलत नाही. त्या अभ्यासासाठी सहा आठवडे मावशीच्या टायपिंगची नोंद घेतली होती. शब्द नव्हते घेतले. फक्त दोन अक्षरांमधली अंतरं.

आमिषाच्या खोलीच्या दारावर पाच नियम लावलेले होते. तिसरा असा: आमिषात कोणत्याही हयात व्यक्तीचा मजकूर, छायाचित्र वा सवय वापरू नये.

नियम तिनेच लिहिला होता. त्यातला ‘हयात’ हा शब्दही तिचाच.

मावशीला जाऊन चौदा महिने झाले होते.

ती कशी गेली, हे कक्षात सगळ्यांना माहीत होतं. याच टोळीने. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसवून ठेवलेली, सहाच्या सुमारास हृदय बंद पडलं. एक गोष्ट मात्र गाळणीने कुणालाच सांगितली नव्हती. त्या दुपारी मावशीने टेबलाखाली हात धरून दुसऱ्या फोनवरून तिला तीनदा फोन केला होता. दोन चाळीस. दोन त्रेचाळीस. दोन एकावन्न.

गाळणी तेव्हा दोनशे लोकांसमोर भाषण देत होती. विषय होता, अशा फसवणुकीपासून ज्येष्ठांना कसं वाचवावं.

तिच्या फोनने आपणहून उत्तर पाठवलं होतं. ठरलेलं, साचेबंद.

“मीटिंगमध्ये आहे. नंतर करते.”

तिन्ही वेळा.

तर, गुरुवारी तिने मावशीची थांबणी आमिषात घातली. टंकलेखिकेच्या संगणकात. एक शब्दही नाही, फोटो नाही. फक्त अक्षरांमधल्या मोकळ्या जागा.

शुक्रवारी पहिली खूण मिळाली.

सकाळी आदल्या दिवसाच्या नोंदी चाळताना तिला अकरा आणि चारच्या मधे एक जास्तीची नोंद दिसली. कोऱ्या पानावर फक्त तारीख टाइप झाली होती. मावशी कुठलाही कागद घातला की आधी तारीख टाइप करायची. पण ते सगळ्याच टंकलेखिका करतात.

वेळ होती… दोन चाळीस.

आणि तारीख त्या दिवसाची नव्हती.

चौदा महिन्यांपूर्वीची होती.

तिने तारवाल्याला हाक मारली. संगणकाचं घड्याळ मागे गेलंय, बॅटरी गेली असेल, असं सांगितलं. त्याने बॅटरी काढून पाहिली. ठणठणीत होती. तरी बदलली. “ताई, नवी घातली,” तो म्हणाला, “आता शंभर वर्षं मरण नाही.”

ती हसली नाही.

शनिवारी अर्धा दिवस. दालन निम्मं रिकामं. ती खाली कागद आणायला गेली होती. परत आली तेव्हा तारवाला काचेच्या दारापाशी कान देऊन उभा.

आत कीबोर्ड कुणी लावला, असं त्याने विचारलं.

कुणीच नाही, ती म्हणाली.

“मग हे काय वाजतंय?”

तिनेही कान लावला.

टक… टक टक… टक.

हलकं नव्हतं ते. आताचे कीबोर्ड असे वाजत नाहीत. जुन्या यंत्रावर जोर देऊन बोटं आपटावीत तसं. मग आवाज थांबला.

एक सेकंद. दोन. अडीच…

टक.

तिने दार उघडलं. सहा संगणक. सहा दिवे. एकही कीबोर्ड नाही. खोलीत गार हवा आणि पंख्याची घरघर. बास.

पंख्याचं पातं घासत असेल, तारवाला म्हणाला. पण त्याने ते तिच्याकडे न बघता म्हटलं, आणि त्या दिवसानंतर तो त्या खोलीत एकटा गेला नाही. अंगावर काटा आला असं तो कधी म्हणाला नाही. खोलीत गेला नाही, एवढंच.

सोमवारी नोंदीत तारखेखाली एक ओळ आली होती.

“उचलत नाही.”

वेळ… दोन त्रेचाळीस.

तिने काय केलं असेल? किंचाळली नाही. पळाली नाही. जे नऊ वर्षं करत होती तेच केलं. वही काढली आणि तीन शक्यता लिहिल्या. एक, कुणीतरी आत जाऊन टाइप केलं. दाराची नोंद तपासली. शनिवारनंतर दार उघडलंच नव्हतं. पहिली शक्यता खोडली. दोन, बाहेरून कुणी जाळ्यातून शिरलं. त्या वेळी लाइन बंद होती. खोडली. तीन, प्रोग्रॅमची चूक. तिने प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. त्यात हे शब्द नव्हते. शब्द बनवण्याची सोयच नव्हती.

तिसरी खोडताना तिच्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

मग तिने ओळीतल्या अक्षरांची अंतरं मोजली आणि जुन्या नोंदीशी ताडून पाहिली. डाव्या करंगळीची अक्षरं उशिरा. पूर्णविरामानंतर नवी ओळ, अडीच सेकंदांनी.

जुळणी शंभरात चौऱ्याण्णव.

जिवंत माणसाचं स्वतःच्या कालच्या टायपिंगशीसुद्धा इतकं जुळत नाही.

तिने वही मिटली. कुणाला काही बोलली नाही. बोलणार तरी काय? गाळणीतून भूत निघालं म्हणून?

आणि मग मंगळवार उजाडला.

दोन अडतीसला आमिषाने दुवा उघडला. दोन चाळीसला टोळी आत आली. गाळणी तिच्या टेबलाशी, समोर पडद्यावर टंकलेखिकेचा संगणक, त्या दुपारपुरता वेगळ्या तारेने जोडलेला, जसाच्या तसा दिसत होता. शेजारी तारवाला माग काढायला बसलेला. मागे साहेब उभे.

पडद्यावर चौकट उघडली. टोळीतल्या माणसाने लिहिलं, तुमच्या नावावर गंभीर गुन्हा नोंदला आहे. कॅमेऱ्यासमोर बसा. खोलीबाहेर जाऊ नका. कुणालाही फोन करू नका.

प्रोग्रॅममध्ये उत्तरासाठी तीन तयार वाक्यं होती. कोण बोलतंय? मला समजलं नाही. थांबा. तिन्ही एकेक करून गेली. चार मिनिटं झाली.

वाक्यं संपली.

आता तो निघून जाणार, तारवाला पुटपुटला.

पडद्यावर… अक्षरं उमटायला लागली.

“चष्मा सापडत नाही. शोधते.”

“वा,” साहेब म्हणाले. “छान. असंच चालू ठेवा.”

गाळणीचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

तिने साहेबांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते. तारवाला स्वतःच्या पडद्यात बुडालेला. तिचे हात कुणी पाहिलेच नव्हते. तिने ते हळूच उचलून आपल्या कीबोर्डवर ठेवले. नुसतेच ठेवले. एकही अक्षर दाबलं नाही.

पलीकडच्याने लवकर करायला सांगितलं.

“करंगळीला लागलंय माझ्या. सावकाश टाइप होतं. तुमचं वय काय हो?”

प्रश्न विचारायचे नाहीत, असं तिकडून आलं.

“बरं. आई कुठे असते तुमची?”

तारवाल्याला हसू आवरेना. “ताई, तपास करताय की त्याला स्थळ बघताय?”

तिने मान हलवली.  चष्म्याची युक्ती मावशीची होती. नको असलेलं माणूस दारात आलं की ती आतून म्हणायची, थांबा हं, चष्मा शोधते. आणि पाच पाच मिनिटं शोधायची. चष्मा नाकावरच असायचा.

सात मिनिटं. अकरा. चौदा.

टोळीचा माणूस चिडत होता, दमदाटी करत होता, पण जात नव्हता. जाईलच कसा? पलीकडे खरंखुरं माणूस होतं. अडखळणारं, थबकणारं. तारवाला एकेक दार उघडत मागे मागे जात होता. सतराव्या मिनिटाला त्याचे हात थांबले.

त्याने हाक मारली तेव्हा आवाजात थट्टा उरली नव्हती. टोळी जिथून बोलत होती त्या संगणकावरून आत्ता दोन लाइन चालू होत्या. एक आमिषाकडे येत होती. दुसरी दुसऱ्या कुणाकडे.

“खरं माणूस आहे,” तो म्हणाला. “सकाळी साडेआठपासून बसवलंय.”

साहेब पुढे होऊन त्याच्या पडद्यावर वाकले.

ती लाइन शहराच्या उत्तर टोकाच्या वसाहतीत जात होती. एवढंच कळत होतं. तिथे चारशे घरं. नेमकं घर इंटरनेट कंपनी सांगणार, त्यासाठी पत्र पाठवायचं, उत्तर यायला संध्याकाळ. साहेबांनी लगेच पत्र लिहायला सांगितलं.

संध्याकाळ. मावशी सहाला गेली होती.

तेव्हा गाळणीला दिसलं. चौकटीत नाही. मागच्या कोऱ्या पानावर, जिथे ती तारीख होती, तिथे…

“ती खुर्चीतून कलली आहे.”

अडीच सेकंद.

“पाण्याच्या टाकीसमोर.”

अडीच सेकंद.

“तिसरा मजला. निळं दार.”

आणि मग, बऱ्याच वेळाने…

“जा.”

तिने नकाशा उघडला.  वसाहतीत पाण्याची टाकी एकच होती. तिच्यासमोर तीन इमारती.

साहेबांनी विचारलं, पत्ता मिळाला का.

इथे क्षणभर थांबायला हवं. साहेब माणूस सरळ होता, आणि नेमका. आधार नसलेल्या शब्दावर कुणाचं दार फोडायला तो माणसं पाठवणार नव्हता. पाठवूही नये. हे त्याला शिकवलं होतं गाळणीनेच. खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत पत्राची वाट बघावी लागणार. खोटं सांगितलं आणि दारामागे कुणी नसलं, तर नऊ वर्षांची अब्रू मातीत.

“मिळाला,” ती म्हणाली.

“कशावरून?”

“दुसऱ्या लाइनच्या नोंदीतून.”

तारवाल्याने मान वर केली. दुसऱ्या लाइनची नोंद त्याच्या समोर होती. त्यात असं काही नव्हतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग काचेच्या दाराकडे.

आणि मान खाली घातली.

साहेबांनी फोन उचलला. गस्तीची गाडी आणि रुग्णवाहिका, दोन्ही निघाल्या. तीन वाजून सहा मिनिटांनी टोळीचा माणूस वैतागून आमिषातून बाहेर पडला. सव्वीस मिनिटं. तोवर त्याचा पत्ता कक्षाकडे होता. तीन चौदाला साहेबांचा फोन वाजला. मधल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, निळं दार. आत एक म्हातारी बाई खुर्चीतून एका बाजूला कललेली. श्वास चालू होता. अर्धा तास उशीर झाला असता तर आशा नव्हती, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

दालनात लोक एकमेकांच्या पाठी थोपटत होते. गाळणी आमिषाच्या खोलीच्या दाराशी गेली. आत पंख्याची घरघर.

टकटक नव्हती.

बुधवारी ती रुग्णालयात जबाब घ्यायला गेली. बाई निवृत्त परिचारिका होती. हाताला सलाइन, पण डोळे लखलखीत. नळी नीट लावली नाही म्हणून तिथल्या नर्सला नुकतीच बोलणी बसली होती. तिने सगळं व्यवस्थित सांगितलं, किती वाजता बसवलं, काय काय धमकावलं. गाळणी लिहून घेत होती.

शेवटी बाई म्हणाली, “तुमच्याकडची ती दुसरी बाई भारी धीराची हं. तिला माझा निरोप सांग.”

“कोण दुसरी?”

“असं काय करतेस गं? ती टाइप करणारी. तो माणूस बडबडत होता ना, त्याच्या मागून सारखा टाइप केल्याचा आवाज यायचा. आणि खाली अक्षरं उमटायची. त्याला बहुतेक दिसत नव्हती, मलाच दिसायची.”

गाळणीचं पेन थांबलं.

काय अक्षरं, असं तिने विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवून.

बाईने डोळे मिटून आठवलं.

“घाबरू नका. खारू येईल. तिला वेळ लागतो… पण येते.”

खारू.

लहानपणी एका जागी बसायची नाही, म्हणून मावशीने ठेवलेलं नाव. खारीसारखी म्हणून खारू. त्या नावाने तिला हाक मारणारं जगात एकच माणूस होतं. कार्यालयात कुणाला ठाऊक नव्हतं. कुठल्याही कागदावर नव्हतं. कुठल्याही संगणकात नव्हतं.

“खारू म्हणजे कोण गं?” बाईने विचारलं.

“आमच्याकडचीच एक,” ती म्हणाली.

परत येऊन तिने आमिष आणि त्या घरातला संगणक यांच्यामधला सगळा दळणवळणाचा माग तपासला. दोनदा. मग तारवाल्याला तपासायला लावला. दोघांमध्ये एका अक्षराचीही देवाणघेवाण झालेली नव्हती. व्हायला वाटच नव्हती.

तारवाल्याने आपला डबा उचलला. जाताना फक्त म्हणाला, “ताई, माझी आजी म्हणायची, काही दारं कुणी उघडली ते बघू नये. उघडली, एवढं पुरे.”

गुरुवार.

टोळीने पाहिलेलं आमिष पुन्हा वापरत नाहीत. पुसून टाकतात. हा पाचवा नियम. हाही तिनेच लिहिलेला.

ती जेवणाच्या सुट्टीनंतर खोलीत गेली. बरोबर कीबोर्ड नेला होता. टंकलेखिकेच्या संगणकाला तो जोडला. पान उघडंच होतं. तारीख, त्याखाली त्या ओळी. शेवटचा शब्द, ‘जा’.

पुसायच्या आधी तिला एकच विचारायचं होतं. चौदा महिने विचारायचं होतं.

तिने टाइप केलं, “मावशी, त्या दिवशी मी फोन उचलला असता तर…”

पुढे सुचेना. तिने तेवढंच ठेवलं.

पंख्याची घरघर. काचेपलीकडे कुणीतरी हसत होतं. ऊन टेबलापर्यंत आलं होतं. तिने घड्याळाकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

एक सेकंद… दोन… अडीच…

टक.

अक्षरं सावकाश उमटली. दाणे निवडावेत तशी. डाव्या करंगळीची किंचित उशिरा.

“मीटिंगमध्ये आहे. नंतर करते.”

बास. त्यानंतर काही नाही. ती पंधरा मिनिटं तिथे उभी होती. मग तारवाल्याने बाहेरून काचेवर टिचकी मारली. तिने कीबोर्ड काढला आणि संगणक पुसायला लावला. त्याला चाळीस मिनिटं लागली. ती शेवटपर्यंत हलली नाही.

अहवाल तिने त्याच आठवड्यात दिला. टोळीतली सात माणसं पकडली गेली. चार मिनिटांची सव्वीस कशी झाली, हे आता नव्या लोकांना शिकवतात. ती स्वतः शिकवते. सांगते की माणूस शब्दांवरून ओळखू येत नाही, थांबण्याच्या जागांवरून येतो. मुलं लिहून घेतात. तिसऱ्या नियमात तिने एक बदल केला आहे. ‘हयात’ हा शब्द काढून टाकला आहे. का, असं साहेबांनी विचारलं होतं. ती म्हणाली, जास्तीचा होता.

अहवालात पत्त्यापुढे आधार लिहिलेला आहे: दुसऱ्या लाइनची नोंद. तीच ती खोटी ओळ.

तेव्हापासून ती कुठल्याही बैठकीत फोन बंद करत नाही. आपोआप जाणारं ते उत्तर तिने काढून टाकलं आहे. दुपारी अडीच वाजले की ती हातातलं काम ठेवते आणि फोन समोर घेऊन बसते. वर्ष होऊन गेलं. त्या वेळी अजून कुणाचाच फोन आलेला नाही. कंपनीचा नाही, चुकीच्या नंबरचाही नाही. दोन चाळीस ते दोन एकावन्न तिचा फोन वाजतच नाही.

कुणीतरी ती वेळ राखून ठेवल्यासारखी.

मावशी शब्दाची पक्की होती. नंतर करते म्हणाली म्हणजे करणार, याबद्दल तिला शंका नाही.

उचलल्यावर काय बोलायचं, एवढंच अजून ठरत नाही.